मृगाचा माग

माणसाच्या हातून घडलेल्या ज्या चुका चारचौघांना कळतात, त्यांचे ओझे कालांतराने हलके होते. लोक विसरतात आणि त्यांच्याबरोबर आपणही विसरतो. परंतु जी चूक दोघातिघांनाच ठाऊक होती आणि त्यांपैकी आता आपण एकटेच उरलो आहोत, ती सहसा पाठ सोडीत नाही. आमच्या बाबतीत महाशिवरात्र आली की एक चितळ दर वर्षी न चुकता डोळ्यांपुढे उभा राहतो. या गोष्टीस साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्यांच्याकडून आम्ही त्या दिवशी काही शिकलो ते वृद्ध गृहस्थ गेले, आईवडील गेले. तेव्हा आता ती हकीकत लिहून ठेवावी, असे मनाने घेतले आहे.

आमचे घराणे मूळचे कारवारकडचे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर दोन वर्षांनी आमचे वडील डॉक्टरकीची पदवी घेऊन मुधोळास आले, आणि चार महिने राहून पाहू म्हणता म्हणता तेथेच रमले. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत उर्दू अशा चार भाषांत आमचे बालपण गेले. मुधोळ गाव स्वतः जागचे कधी हलले नाही. त्याचा पत्ता मात्र फिरत राहिला. आम्ही पहिल्यांदा लिहावयास शिकलो तेव्हा वहीवर ‘जिल्हा नांदेड’ असे लिहीत असू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तीत मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन सर्कले आंध्र प्रदेशाकडे गेली आणि आम्ही ‘जिल्हा आदिलाबाद’ असे लिहू लागलो. पुढे २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली मुधोळ नव्या निर्मल जिल्ह्यात गेले. घर न बदलता तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्यास येत असेल.

आम्ही सांगतो आहोत ते साल १९६२. त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी अष्टग्रही झाली होती. आठ ग्रह एका राशीस येणार आणि प्रलय होणार, या भयाने सारा देश धास्तावला होता. गावोगाव यज्ञ आणि जप चालले होते. प्रलय आला नाही. चारच दिवसांनी वसंतपंचमीस बासरला सरस्वतीच्या दारी मुलांच्या अक्षराभ्यासासाठी नेहमीसारखी गर्दी लोटली, आणि कालपर्यंत भ्यालेली माणसे एकमेकांस हसू लागली. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. प्रलयदेखील टळतो, मग आपले कोण काय वाकडे करणार, असे वाटण्याचेच ते वय.

वडिलांचे एक स्नेही होते. त्यांचे शेत कुबेरच्या अंगास, जेथे सातमाळ्याच्या डोंगररांगेचे पायथे काळ्या रानात उतरतात, अशा ठिकाणी होते. निम्म्या शेतात ज्वारी आणि निम्म्यात हरभरा असे. डोंगराकडच्या कडेने सागाचे व पळसाचे रान होते, आणि त्या रानातून संध्याकाळी चितळांचा कळप हरभऱ्यात उतरे. म्हणून तेथे जागल ठेवावी लागे. जागलीचे काम एका वृद्ध गोंडाकडे होते. आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताने १९४० नंतरच्या काळात त्यांच्या जीवनाचा अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिले, हे आम्हांस फार पुढे कळले. आमच्या लेखी ते वृद्ध गृहस्थ म्हणजे केवळ दादा होते. घरी ते गोंडी बोलत, आमच्याशी त्या भागातली मराठी. त्यांच्याजवळ वेळूचे धनुष्य होते. त्याची दोरीही वेळूच्याच चिरलेल्या कामटीची होती आणि बाणांना लोखंडी फाळ होते.

सुटीच्या दिवशी स्नेह्यांच्या गाडीबरोबर आम्ही शेतावर जात असू. दोन हिवाळे दादांनी आम्हांस धनुष्य ओढावयास शिकविले. कडब्याची पेंडी उभी करून वीस पावलांवरून तिच्यावर बाण मारावयाचे. वीस पावलांच्या पलीकडे मारावयाचे नाही, आणि जिवंत जनावरावर तर त्यांनी सांगितल्याखेरीज बाण लावावयाचासुद्धा नाही, असे दोनच नियम होते. ते का, असे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. आमचा नेम बरा बसू लागला होता. पेंडीच्या मध्यभागी बाण रुतला की दादा मान हलवीत. तेवढ्याने आम्हांस आभाळ ठेंगणे होई.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. दादा ओढ्यावर घागर भरावयास गेले होते आणि आम्ही एकटेच माळ्याखाली बसलो होतो. ऊन डोंगराआड गेले, तेव्हा रानाच्या कडेने सहासात चितळे हरभऱ्यात उतरली. सर्वांपुढे एक तरणा नर होता. शिंगांना नुकतेच फाटे फुटलेले, अंगावरचे ठिपके सांजवेळीही स्पष्ट दिसत होते. दादांचे धनुष्य माळ्याच्या खांबास टेकलेले होते. ते हाती कधी घेतले, बाण कधी लावला, हे आम्हांस आज आठवत नाही. अंतर वीस पावलांचे नव्हते, चाळीस तरी असेल. हे मात्र तेव्हाही ठाऊक होते आणि आजही आठवते. खांद्यामागे नेम धरला. दोरी सुटली आणि त्याच क्षणी तो नर एक पाऊल पुढे आला.

कळप उधळला. तो नर मात्र उडी न मारता पाठ कमानीसारखी वाकवून, मान खाली घालून जरा दुडक्या चालीने रानात शिरला. आम्ही “लागला! लागला!” म्हणून ओरडत ओढ्याकडे धावलो. दादा भरली घागर घेऊन येत होते. त्यांनी ती सावकाश खाली ठेवली. आमच्या हातातील धनुष्याकडे पाहिले. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. एवढेच विचारले :

“कुठं लागला?”

“खांद्यामागं,” आम्ही म्हणालो.

वाचकहो, आमचा खरा अपराध येथे आहे. धनुष्य उचलले हा अविचार झाला. नेम चुकला हे अज्ञान झाले. पण बाण पुढे लागला नाही, मागे लागला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. तरीही जे व्हावयास हवे होते तेच आम्ही सांगितले. दोन हिवाळ्यांची ती मान हलविण्याची शाबासकी एका क्षणात जाईल, ही भीती त्या उत्तरामागे होती. त्या उत्तरावर एका मुक्या प्राण्याचे काय अवलंबून आहे, हे आमच्या ध्यानातही नव्हते.

दादा उत्तर देत न बसता चितळ उभा होता त्या जागी गेले आणि उकिडवे बसले. मावळत्या उजेडात त्यांनी हरभऱ्याच्या झुडपांवरून अलगद बोटे फिरविली आणि दोनचार केस चिमटीत उचलले. केस पांढरे होते. चितळाच्या पाठीचे व खांद्याचे केस तांबूस असतात. पांढरे असतात ते पोटाचे. थोडे पुढे एका पानावर पातळ, मळकट रक्ताचा डाग होता आणि त्यात चघळलेल्या चाऱ्याचा हिरवा अंश होता. त्यांनी ते पान नाकाशी नेले व मग आमच्या नाकाशी धरले. त्या आंबूस वासाने आमचे तोंड उतरले.

“आता सांग बाबू, कुठं लागला?”

“पोटात,” आम्ही म्हणालो, आणि रडू कोसळले.

दादांनी रडू दिले. मग बाजूच्या पळसाची एक डहाळी मोडून त्या रक्ताच्या डागाशी जमिनीत रोवली, आणि माळ्याकडे परत निघाले. आम्हांस वाटले होते की आता धावत सुटावयाचे, कंदील पेटवून रान पालथे घालावयाचे. आम्ही तसे म्हणालोही. त्यावर त्यांनी जे सांगितले, ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत असे : “छातीत लागला असता तर चिलीम ओढून होईपर्यंत थांबलो असतो, तेवढ्यात ते पडलं असतं. पोटाचं जनावर लवकर पडत नाय. आत्ता मागं गेलो तर ते उठंल, अन् उठलं तर डोंगरापार जाईल. मग ते कुणालाच गावायचं नाय. बसू दे त्याला. उजाडलं की जाऊ.”

पुढे वडिलांनी आम्हांस याची कारणे समजावून सांगितली. फुप्फुसाला जखम झाली तर रक्त गुलाबी व फेसाळ येते, कारण त्यात श्वासाची हवा मिसळते. असा प्राणी थोड्याच अंतरावर पडतो. यकृताचे रक्त काळपट लाल असते आणि मरण यावयास काही तास लागतात. आतडे फाटले तर रक्त बाहेर थोडेच येते. आतल्या आत विष भिनत जाते आणि प्राणी अर्धा दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ तळमळतो. पाठलाग झाला नाही तर तो जवळच्या आडोशाला बसतो. झाला तर भयाच्या बळावर कोसभरही जातो, आणि रक्त थोडे असल्याने माग राहत नाही. दादांना शरीरशास्त्र कोणी शिकविले नव्हते. परंतु एका पानावरून त्यांनी जे निदान केले, त्यात वडिलांना दुरुस्त करावे असे काही आढळले नाही.

आता विचार करा : आमचे पहिले उत्तर खरे धरून दादा लगेच मागावर निघाले असते, तर तो चितळ उठला असता आणि कायमचा हरवला असता. त्याच्या हालांना मग साक्षीदारसुद्धा राहिला नसता. माग काढण्याची विद्या मोठी आहे, तिच्यात अनेक खुणा आहेत. पण तिची पहिली पायरी रानात नसते. आपला बाण कुठे लागला हे खरे सांगणे, ही ती पायरी होय.

ती रात्र आम्ही माळ्यावर घोंगडीत बसून काढली. दादांनी भाकरी पुढे केली, ती घशाखाली उतरेना. माघ वद्य त्रयोदशीची रात्र. मिट्ट काळोख होता. रानातून कोल्ह्यांची कुई ऐकू आली की आम्ही उठून उभे राहत असू, आणि दादा एक हात धरून खाली बसवीत. एवढ्या जवळ एक जीव आपल्यामुळे तळमळतो आहे आणि त्याच्याच हितासाठी आपण हलावयाचे नाही, ही शिक्षा फार कठीण होती. दादाही झोपले नाहीत. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. पहाटे पूर्वेस चंद्राची बारीकशी कोर उगवली, तेव्हा त्यांनी घागरीतले पाणी तोंडावर मारले आणि धनुष्य उचलले.

उजाडताच आम्ही रोवलेल्या डहाळीपाशी गेलो. दादांनी आम्हांस मागाच्या डाव्या बाजूने चालावयास सांगितले आणि ते उजव्या बाजूने चालू लागले. मागावर पाऊल टाकावयाचे नाही, कारण पुसलेली खूण पुन्हा मिळत नाही. काळ्या जमिनीत खुरांचे ठसे स्पष्ट होते. कळपाचे ठसे सरळ डोंगराकडे गेले होते. एकच ठसा त्यांतून फुटून उताराकडे वळला होता. “दुखलेलं जनावर कळपात राहत नाय, अन् चढण चढत नाय,” दादा म्हणाले. त्या ठशाच्या खुरांच्या दोन फाका फाकलेल्या होत्या आणि मागच्या पायाची फरफट दिसत होती.

रानात शिरल्यावर ठसे संपले. जमीन सागाच्या वाळलेल्या पानांनी झाकून गेली होती. त्यात पळस ऐन बहरात आला होता आणि त्याच्या फुलांचा खच पडला होता. आम्हांस पावलोपावली रक्त दिसू लागले. दर वेळी आम्ही “दादा, हे बघा” म्हणावे आणि दर वेळी ती पळसाची पाकळी निघावी. दादांनी शिकविले : बोट ओले करून डाग चोळावा, रक्त असेल तर विरघळून बोटास लागते, पाकळी किंवा पानावरचा तांबेरा तसाच राहतो. मुंग्या कुठे जमल्या आहेत ते पाहावे. नजर केवळ जमिनीवर ठेवू नये. गुडघ्याच्या वरच्या उंचीवर, जनावराचे पोट जेथे घासेल तेथे गवताची पाती पाहावीत. तिरप्या उन्हात सूर्याकडे तोंड करून पाहिले की ओल चमकते.

अशा रीतीने एकेक ठिपका शोधीत आम्ही दोन तास चाललो. मिळालेल्या प्रत्येक खुणेपाशी दादा एक काडी रोवीत. तीनदा माग तुटला. तुटला की दादा शेवटच्या काडीपाशी परत येत आणि तिच्याभोवती लहान, मग त्याहून मोठे असे वर्तुळ घेत. घाईने पुढे जाऊन नशिबाने काही सापडेल, असे त्यांच्या मनातही येत नसे. जेथे शेवटचे खरे सापडले तेथून पुन्हा आरंभ करावयाचा, एवढाच त्यांचा उपाय होता.

वाटेत दोन ठिकाणी चितळ बसल्याच्या खुणा मिळाल्या. गवत दबलेले, मध्यभागी काळवंडलेले रक्त. पहिल्या जागेपासून दुसरी शंभर पावलांवर होती, आणि दुसरीपासून ओढा दिसत होता. रात्रभरात त्या प्राण्याने केलेला प्रवास एवढाच. सूर्य कासराभर वर आला तेव्हा ओढ्यापलीकडच्या आभाळात गिधाडे घिरट्या घेऊ लागली होती. दादांनी वर पाहिले आणि प्रथमच पावले झपाझप टाकली.

तो ओढ्याच्या काठी करवंदीच्या जाळीत बसला होता. जिवंत होता. आम्हांस पाहून त्याने उठण्याचा यत्न केला. पुढचे पाय उचलले गेले, मागचे उचलले नाहीत. पाण्यापासून तो चार हातांवर होता.

दादांनी धनुष्य आमच्यापुढे धरले. “तुझा बाण हाय,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात टोचणी नव्हती. ज्याचे काम त्याला देत होते. आम्ही धनुष्य घेतले. दोरी ओढली. हात इतका कापू लागला की फाळ एका जागी स्थिर होईना. दुसऱ्यांदा चुकण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही धनुष्य परत दिले. दादांनी दहा पावलांवरून एकच बाण मारला, आणि सर्व शांत झाले. मग ते जवळ गेले, उकिडवे बसले, आणि त्या उघड्या डोळ्यावर त्यांनी आपला तळहात ठेवला. पुष्कळ वेळ तो तसाच ठेवला. आम्ही ओंजळीने ओढ्याचे पाणी आणून त्याच्या तोंडावर घातले. त्याचा आता काही उपयोग नव्हता, हे कळत होते. पण त्या चार हातांच्या अंतराकडे पाहवेना.

चितळ वाहून नेण्यास आम्हीही खांदा दिला. मांस वाडीवर वाटले गेले. काही वाया गेले नाही. दुपारी स्नेह्यांची गाडी मुधोळकडे निघाली, तीत आम्ही बसलो. घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण होत आली होती. अंगणात आई शंकराच्या पूजेसाठी बेलाची पाने निवडीत होती. आमच्या सदऱ्यावरचे रक्त पाहून ती ताडकन उठली आणि आम्हांस चाचपीत म्हणाली :

“खंय लागलें रे तुका?”

दादांचाच प्रश्न कोंकणीत आला होता. “म्हाका न्हय गे, आई,” एवढेच आम्हांस म्हणता आले.

स्नान झाल्यावर वडिलांनी समोर बसवून घेतले. आम्ही सर्व सांगितले; या वेळी खोट्या उत्तरासकट. ते रागावतील अशी अपेक्षा होती. त्यांनी शांतपणे दशरथाची गोष्ट काढली. श्रावणाची गोष्ट कोणास ठाऊक नाही? काळोखात पाणी भरल्याचा आवाज ऐकून राजाने शब्दवेधी बाण सोडला आणि हत्ती समजून मुनिकुमारास मारले. वडील म्हणाले, एवढे सर्वांस आठवते. पण पुढे राजाने काय केले याचा विचार कोणी करीत नाही. त्या अरण्यात त्याला पाहणारे कोणी नव्हते. तो घोड्यावर बसून अयोध्येस परत जाऊ शकला असता. तो आवाजाच्या मागाने गेला, बाण कोणास लागला ते पाहिले, आणि पाण्याचे भांडे स्वतः उचलून त्या आंधळ्या मातापित्यांपुढे जाऊन उभा राहिला; मी मारले, असे स्वतःच्या तोंडाने म्हणाला. त्याचा शापही घेतला. त्याचा अपराध बाणाचा होता, आणि त्याचे राजेपण त्या पाण्याच्या भांड्यात होते.

रात्री पूजा झाली. आमच्या घरी शिवरात्रीस श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाचण्याची रीत होती. व्याधाची आणि हरिणांची कथा त्याच अध्यायात आहे. दर वर्षी तो वाचण्याचा मान आमचा असे, कारण आमचे उच्चार बरे होते. त्या रात्रीही वडिलांनी पोथी आमच्याकडेच सरकविली. व्याध बाण लावतो तेथवर आम्ही आलो आणि आवाज बसला. वडिलांनी पोथी घेतली नाही, थांबले. थोड्या वेळाने आम्ही पुन्हा त्याच ओवीपासून आरंभ करून अध्याय पुरा केला. त्या कथेतला व्याध बाण सोडीत नाही, म्हणून तिचा शेवट गोड आहे. ज्याने सोडला त्याने काय करावे, ते आम्हांस त्या सकाळी ओढ्याकाठी कळले होते.

जागरणासाठी सर्व अंगणात बसले होते. मृग नक्षत्र पश्चिमेकडे झुकू लागले होते. चार कोपऱ्यांच्या चार चांदण्या म्हणजे मृगाचे पाय, आणि पोटात एका ओळीत तीन चांदण्या, तो बाण, असे आपल्याकडे लहान मुलांस दाखवितात. त्याच्या मागून झगझगीत व्याध येतो. पुढे वाचनात आले की, ऐतरेय ब्राह्मणातही मृग, मृगव्याध आणि तीन कांडांचा बाण यांची कथा आहे, आणि लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहून याच मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ मांडला. त्या रात्री आम्हांस एवढेच दिसले की, बाण पोटातच लागला आहे.

त्यानंतर आम्ही धनुष्यास हात लावला नाही. दादांनीही पुन्हा घे म्हटले नाही. १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. आज चितळावर बाण सोडणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा, असेच आमचे मत आहे. त्याच आदिलाबादेतील कवालच्या रानात १९६५ पासून अभयारण्य आहे आणि २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. परंतु कायद्याने बाण थांबला तरी हरणांना जखमा व्हावयाच्या थांबल्या नाहीत. तारेचे फास आहेत, मोकाट कुत्री आहेत, कठडा नसलेल्या विहिरी आहेत, आणि सर्वांवर ताण म्हणजे रात्रंदिवस धावणारी वाहने आहेत.

२०१८ साली आम्ही बऱ्याच वर्षांनी बासरला दर्शनास गेलो होतो. दर्शन आटोपून निर्मलला एका नातलगाकडे उतरावयाचे होते. भैंशाहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, दिवस मावळावयास तास-दीड तास असताना, एक चितळ रस्त्यात उडाले. आमच्या घरातलाच एक तरुण गाडी चालवीत होता. त्याने करकचून वेग आवरला. धप्प असा आवाज झाला, आणि चितळ कडेच्या कापसाच्या रानात दिसेनासे झाले.

“काही नाही आजोबा, नुसता धक्का लागला. गेले पळून,” तो म्हणाला आणि गाडी सुरू करू लागला.

“कुठे लागला?” आम्ही विचारले.

तो आमच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा आमच्या ओळखीचा होता. चौदाव्या वर्षी तो आमचाच होता. आम्ही खाली उतरलो. गाडीच्या पुढच्या कडेस तांबूस केस चिकटलेले होते आणि रस्त्यावर रक्ताचे चार ठिपके होते. मुलगा मऊ मनाचा. ते पाहताच रानात धावावयास निघाला. आम्ही त्याचा हात धरून खाली बसविले. जखमी हरणाचा पाठलाग केला तर ते जखमेपेक्षा भयाने आणि दमछाकीने मरते, हे आता पशुवैद्यही सांगतात. शेवटच्या ठिपक्यापाशी आम्ही आमचा हातरुमाल काडीला बांधून रोवला आणि वनखात्याच्या कचेरीस फोन केला. निर्मलची मंडळी जेवणासाठी खोळंबली होती, फोनवर फोन येत होते. आम्ही आभाळाकडे पाहिले. पूर्वी असते तर गिधाडांनी जागा दाखविली असती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने ती पाखरे देशभर मेली, आणि २००६ साली त्या औषधावर बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता.

दोन तासांनी वनरक्षक आले तेव्हा अंधार पडला होता. आम्ही त्यांना रुमाल दाखविला आणि मागाच्या बाजूने चालावे एवढे सांगितले. विजेरीच्या उजेडात शंभर पावलांवर, बांधाच्या आडोशाला ते चितळ बसलेले सापडले. मागचा पाय मोडला होता. वनरक्षकांनी प्रथम त्याच्या डोळ्यांवर एक कापड टाकले; अंधार झाला की भ्यालेला प्राणी शांत होतो. ते पाहून आम्हांस दादांच्या तळहाताची आठवण झाली.

तीन दिवसांनी आम्ही कचेरीत विचारपूस केली. चितळ वाचले नव्हते. मुलास वाईट वाटले. मग थांबून उपयोग काय झाला, असे तो म्हणाला. आम्ही त्याला उत्तर दिले की, ते काट्यांत एकटे पडून कुत्र्यांच्या तोंडी गेले नाही; आणि तू खरे काय झाले ते पाहून आलास. यापलीकडे आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

त्या रात्री तो निर्मलपर्यंत फारसा बोलला नाही. घरी पोहोचल्यावर सर्वांनी उशिराचे कारण विचारले. आम्ही गप्प राहिलो. त्याने एकवार आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “माझ्या गाडीखाली हरीण आले.”